बाप्पाला आवडणारा हात

श्रावण उतरणीला लागला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूर्वांचे ढीग दिसायला लागतात. ओल्या पोत्यावर मांडलेले, मुळांना अजून चिखल लागलेला, आणि त्यांचा तो हिरवा, किंचित कडसर वास. कोपर स्टेशनाकडून माझ्या सेंटरकडे येणारा हा रस्ता एरवी वड्याच्या तेलाचा आणि गटाराचा असतो. हे दोन-तीन आठवडे मात्र तो दूर्वांचा होतो. बाकीच्यांना या वासाने सणाचे वेध लागतात. मला रस्ता बदलावासा वाटतो. तरी मी दरवर्षी थांबते, विकणाऱ्या मावशींशी दोन शब्द बोलते आणि न निवडलेल्या दूर्वांची मोठी पेंढी काखेत मारून घेऊन येते. निवडलेल्या जुड्या मला नको असतात, हे त्यांना आता पाठ झालं आहे.

"तुजी पोरा निवडतीन ना गो?" असं म्हणत त्या वरून एक मूठभर जास्तच टाकतात.

माझी पोरं म्हणजे सेंटरवर येणारी मुलं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बावीस वर्षं झाली, पण आमच्या शेजारच्या काकूंना हा शब्द अजून नीट सांगता येत नाही. त्या मला 'हातांची डॉक्टर' म्हणतात आणि मीही दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. बटण लावणं, घास घेणं, पेन्सिल धरणं, जिन्यावर तोल सावरणं, या रोजच्या गोष्टी ज्या मुलांना अडतात त्यांना त्या जमाव्यात, एवढंच माझं काम. त्यासाठी भोकं पाडलेले लाकडी बोर्ड आणि रंगीत प्लास्टिकचे खुंट मिळतात. माझ्याकडेही आहेत. पण खुंट भोकात बसवून पुढे काय, हे मुलांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधी कळलं नाही.

कापसाची वात वळली तर ती घरी लागते. बोटाला दुधाचा थेंब लावून फुलवातीचं टोक पिळायचं तर अंगठा आणि पहिली दोन बोटं एकमेकांशी बोलायलाच हवीत. रांगोळीची चिमूट जरा जास्त दाबली की रेघ तुटते, जरा सैल सोडली की ढीग पडतो. मोदकाची उकड मळताना आखडलेला तळवा उबेने सैलावतो आणि कळ्या काढताना एकेक बोट वेगळं काम करायला शिकतं. मंगळागौरीच्या फुगडीसारखा तोलाचा व्यायाम मला कुठल्याच महागड्या उपकरणात सापडला नाही. मी हे सगळं सेंटरवर आणलं आणि त्याची मला फार घमेंड होती. ठाण्याच्या एका कार्यशाळेत मी यावर तासभर बोललेही होते, हातवारे करकरून.

त्याच वर्षी गार्गी माझ्याकडे आली.

ती आठ वर्षांची होती, तिसरीत. जन्माच्या वेळी मेंदूला झालेल्या इजेमुळे तिची उजवी बाजू आखडलेली होती. उजव्या हाताची मूठ मिटलेली, अंगठा आत दडलेला, कोपर अंगाशी चिकटलेलं. डावा हात मात्र असा चलाख की बघत राहावं. त्या एका हाताने ती लिहायची, जेवायची, वेणीचं रबर काढायची, दातांच्या मदतीने चिप्सचं पाकीट फोडायची. बोलायला फटकळ होती. पहिल्याच दिवशी माझ्या भिंतीवरचा हत्ती बघून तिने सांगितलं, "याचा पाय चुकलाय." खरंच चुकला होता.

तिची आई वैशाली घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात कामाला होती. ट्रॅफिकमध्ये बस अडकायची, मग ती धापा टाकत यायची आणि गार्गीचा तास संपलेला असायचा. एका संध्याकाळी मात्र ती लवकर आली, मुलीला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"ताई, गणपतीला पाच आठवडे आहेत," ती म्हणाली. "मला एक काम करून द्याल?"

त्यांच्या घरचा गणपती शहाडला असतो, गार्गीच्या आजोबांकडे. मूळचा राजापूरकडचा, गावचं घर बंद झाल्यावर इकडे आणलेला. आरती झाली की घरातल्या प्रत्येक मुलाने पुढे होऊन दूर्वांची एक जुडी वाहायची, ही त्यांची रीत. आदल्या वर्षी गार्गीने जुडी डाव्या हातात धरून पुढे केली. तिचा चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला, "डाव्या हाताने नाय देत देवाला." आजोबांनी तिच्या हातातून जुडी काढून घेतली आणि स्वतः वाहिली. त्यानंतर पाचही दिवस गार्गी मखराच्या खोलीत आली नाही. मागच्या खोलीत बसून तिने सगळ्या आरत्या ऐकल्या.

"एकदाच तिला उजव्या हाताने वाहता येऊ दे," वैशाली म्हणाली. "एकदा सगळ्यांनी बघितलं की मग कोणी काही बोलणार नाही. ती स्वतः पण नाही."

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले. मला आव्हान आवडतं, आणि त्या न पाहिलेल्या आजोबांना दाखवून द्यायची खुमखुमीही होती. मी म्हटलं, "होईल."

चांगल्या हाताला थोडा वेळ अडवून ठेवायचं, म्हणजे अडलेल्या हाताला कामाला लागावंच लागतं. ही आमच्या कामातली रुळलेली पद्धत आहे. दिवसाचे ठरावीक तास, मुलाच्या खुशीने, खेळ म्हणून. मी जुन्या गोधडीच्या तुकड्याची एक पिशवी शिवली होती. ती गार्गीच्या डाव्या हातावर चढवायची आणि म्हणायचं, हा आता झोपला. मग समोर दूर्वांची पेंढी ओतायची. तीन पात्यांचं कोवळं टोक शोधायचं, खुडायचं, वाटीत टाकायचं.

पहिला आठवडा नुसता घामाचा गेला. मूठ अख्खी पेंढी ओढायची, एक काडी सुटायची नाही. दुसऱ्या आठवड्यात अंगठा बाहेर डोकवायला लागला. मी तिच्या समोर बसून त्या अंगठ्याकडे असं बघत राहायचे, जसं दूध उतू जाईल म्हणून बघतात. पण गार्गी कंटाळायची. एका दुपारी तिने दातांनी पिशवी ओढून काढली, डावा हात सरळ पेंढीत घातला आणि दहा टोकं फटाफट खुडून वाटीत टाकली. वर म्हणाली, "झालं ना काम?"

मला जेवायला वेळ मिळाला नव्हता. बाहेर दुसरी आई ताटकळली होती. चतुर्थीला तीन आठवडे उरले होते. मी पिशवी उचलली आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "अगं, पण बाप्पाला उजवा हात आवडतो."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग तिने आपला डावा हात स्वतःहून पुढे केला आणि पिशवीत घातला.

त्यानंतर ती अशी काही कामाला लागली की मी थक्क झाले. कंटाळा नाही, उलट बोलणं नाही. वेळ संपली तरी उठायची नाही. चौथ्या आठवड्यात तिने तीन बोटांत जुडी धरली, आणि धरण्याहून कितीतरी अवघड ते केलं, ती सोडली. पाटावर ठेवलेल्या सुपारीवर जुडी अलगद पडली. मी व्हिडिओ काढून वैशालीला पाठवला. ती बसमध्ये रडली म्हणे. मी हुरळून गेले. ते एक वाक्य किती नेमकं लागू पडलं, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

आताही सेंटरवर दूर्वा निवडणं चालतं. परवाच एक नवी आई माझ्या मागे लागली होती, "ताई, त्याला सांगा ना, देवाचं काम उजव्याने करायचं. तुमचं ऐकेल तो." ती चूक बोलत नव्हती. आपल्याकडे आरतीचं ताम्हन, तीर्थ, प्रसाद, शकुनाचं पहिलं पाऊल, सगळं उजवंच असतं. मीही तशीच वाढले. डाव्या हाताने पैसे पुढे केले म्हणून माझी आई मला दुकानात सगळ्यांसमोर ओरडली होती, आणि मी अजून डाव्या हाताने कोणाला काही दिलं तर पटकन जीभ चावते. ज्यांचा उजवा हात न सांगता उठतो त्यांच्यासाठी ही रीत सोपी आहे. मी त्या आईला म्हटलं, "मी देवाचं नाव घेऊन काही सांगत नाही." तिला ते तुटक वाटलं. वाटू दे.

गार्गीच्या शाळेतून पहिली कुरबुर आली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. चाचणीचा पेपर तिने कोरा दिला होता. बाईंनी डायरीत लिहिलं, लिहीत नाही, नुसती बसून राहते. मग डबा भरलेला परत यायला लागला. वैशालीने मला फोन केला तर मी तिलाच समजावलं की हाताची सवय बदलते आहे, थोडा गोंधळ होणारच. हे मी इतक्या ठामपणे म्हटलं की तिने माफी मागितली.

चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी गार्गी आली ती डावा हात मांडीखाली दाबूनच बसली. उजव्या हाताने दूर्वा खुडत होती, पण चेहरा पांढरा पडला होता. मी पिशवी चढवायला म्हणून तिचा हात वर उचलला. शाळेच्या रुमालाने तो मनगटापाशी बांधलेला होता. दातांनी ओढून मारलेल्या गाठी, एकावर एक. बोटं सुजून जांभळट झाली होती.

 गाठी इतक्या घट्ट होत्या की कात्री रुमालाखाली जाईना. गाठ कापली, बोटं चोळली, त्यांत रंग परत येईपर्यंत चोळत राहिले. मग विचारलं, "कोणी बांधलं हे?"

"मी."

"कशाला गं?"

"हा बाप्पाला आवडत नाही ना." ती माझ्यावर चिडली होती, मला एवढंही आठवत नाही म्हणून. "तुम्हीच बोललेलात. मी घरी पण झोपवते त्याला. तो झोपतच नाही."

तो डावा हात म्हणजे तिचं लिहिणं, तिचा घास, तिचं सगळं स्वतःचं स्वतः करणं. आणि तो मी एका वाक्यात तिच्यापासून तोडला होता. लाज वाटली, असं मी म्हणते, पण तो शब्द पुरत नाही. मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं.

"गार्गी, मी चुकीचं बोलले," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. "मग बाप्पाला कुठला आवडतो?"

दोन्ही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. सोपं होतं, गोड होतं, कोणीही दिलं असतं. पण तेही मी देवाच्या वतीनेच दिलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"मग तेव्हा कसं माहीत होतं?"

 ती उत्तराची वाट बघत राहिली आणि मी तिच्या मनगटावरचा रुमालाचा वळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वैशालीला सगळं सांगितलं.  मग तिच्या परवानगीने मी एकटीच शहाडला गेले. आजोबा पुठ्ठ्याचं मखर जोडत होते. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, सडपातळ, हाताला डिंक लागलेला. मी जाताना रस्ताभर भाषण जुळवलं होतं. रीत माणसांसाठी असते, मुलीच्या मनावर परिणाम होतो वगैरे. रुमालाची गोष्ट आणि माझं ते वाक्यही सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, पुठ्ठ्यावरचा अंगठा न उचलता.

"गेल्या वर्षी मी तिला काय बोललो?" त्यांनी विचारलं. "काय नाय. जुडी सुटून पडत होती, मी धरली. पोराने तोंड चालवलं, त्याला नंतर झापला पण मी. उजवा हात ही आमची रीत आहे, ती काय मी खोटी पाडणार नाय. पण मॅडम, पन्नास वर्षं पूजा करतोय, देवाला काय आवडतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाय. ते तुम्ही सांगितलंत."

मी मान खाली घातली. ज्यांना दाखवून द्यायला निघाले होते, त्यांच्यासमोर मी शाळेतल्या मुलीसारखी उभी होते.

"मग चतुर्थीला तिने डाव्याने वाहिलं तर?" मी कसंबसं विचारलं.

"बघू," ते म्हणाले आणि पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले.

ते 'बघू' घेऊन मी परत आले. पुढचे दोन दिवस गार्गी सेंटरवर आली नाही. डबा खाल्ला का, लिहिलं का, हे विचारायला मी तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला. चतुर्थीच्या सकाळी वैशालीचा दोन ओळींचा मेसेज आला. बाराला आरती. गार्गी म्हणते तुम्ही या.

शहाडचं ते घर दोन खोल्यांचं. मागच्या खिडकीतून उल्हास नदीचा गढूळ, भरलेला पट्टा दिसत होता. आत उदबत्ती, केवडा, वाफेवरच्या मोदकांचा वास, आणि एवढी माणसं की माझी पाठ फ्रिजला टेकली. आरती संपली. मुलं रांगेत उभी राहिली. गार्गी तिसरी होती. नवा परकर-पोलका, डावा हात पाठीमागे, आणि जुडी तिने उजव्या मुठीत धरली होती. तिला कोणीच सांगितलं नव्हतं, तिचं तिने ठरवलं होतं.

ती मखरापुढे गेली आणि हात पुढे केला. मूठ उघडली नाही.

मला माहीत होतं की उघडणार नाही. सगळ्यांच्या नजरा लागल्या की असा हात जास्तच आवळतो, तो कोणाचं ऐकत नाही. मनगट जरा खाली वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात, दोन क्षणांचं काम, आणि मी पाच पावलांवर उभी होते. मूठ आणखी आवळली. दूर्वांची टोकं थरथरायला लागली. चुलतभावाने तोंड उघडलं तशी त्याच्या आईने त्याच्या खांद्यावर हात दाबला.  मी फ्रिजला पाठ लावून उभी राहिले, कारण त्या क्षणी तिच्या हाताला हात लावायचा माझा अधिकार मी गमावला होता.

मखराशेजारी ताम्हन घेऊन उभ्या असलेल्या आजोबांचा हात पुढे झाला, गेल्या वर्षीसारखाच. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ताम्हन दोन्ही हातांनी धरलं.

गार्गीने त्यांच्याकडे पाहिलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे. मग पाठीमागचा डावा हात पुढे आला. त्याने, सेंटरवर मी करायचे तसं, उजवं मनगट धरून हळूच खाली वाकवलं, बोटं सैल पडली, जुडी डाव्या हातात आली, आणि त्याच हाताने तिने ती गणपतीच्या पायाशी ठेवली. सरळ, देठ स्वतःकडे करून.

आजोबांनी जुडीकडे एकदा बघितलं. 

"हां, पुढचा," आजोबा म्हणाले, आणि रांग सरकली.

नंतर पानं मांडली गेली, बायका वाढायला उठल्या, खोलीतला आवाज पुन्हा वाढला. गार्गीकडे मोदकांचं काम आलं होतं. वैशाली परात घेऊन मागे आणि ती पुढे, एकेक मोदक उचलून प्रत्येकाच्या हातावर ठेवत होती. आजोबांच्या हातावर ठेवला, त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. काकांना दिला, काकूंना दिला, चुलतभावालाही दिला. सगळ्यांना डाव्या हाताने, धडाधड, मान वर न करता.

शेवटी ती फ्रिजपाशी आली. माझी ओंजळ पुढे होती. मोदक तिच्या हातात होता, पण तिने तो ठेवला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"चालेल?" तिने विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.  तिने मोदक माझ्या हातावर ठेवला आणि परातीकडे वळली. खोलीभर माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही तिने हे विचारलं नव्हतं.